मानाने आणलेली वेल

'तण' हा शब्द वनस्पतिशास्त्राचा नाही. तो शेतकऱ्याचा आणि माळ्याचा शब्द आहे. शास्त्राच्या लेखी प्रत्येक वनस्पतीला कुळ असते, जाती असते, नाव असते. तण ही पदवी तिला माणूस देतो, आणि तीही बहुधा उशिरा देतो. आपल्या वाडीतील आंब्या-फणसांवर, कुंपणावर आणि विहिरीच्या कठड्यावर चढून बसणाऱ्या, ज्येष्ठात कापल्या तरी श्रावणात पुन्हा तितक्याच जोमाने हजर होणाऱ्या वेलींपैकी कित्येक वेली एके काळी कोणीतरी हौसेने, पदरचे पैसे खर्चून आणि मोठ्या अपेक्षेने आणून लावलेल्या असतात. म्हणूनच बागेतील वेलतण कसे काढावे, हा प्रश्न केवळ कोयत्या-कुदळीचा राहत नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास ठाऊक असला म्हणजे कुदळ नेमकी कोठे मारावी हेही अधिक चांगले कळते.

या दृष्टीने अभ्यासण्याजोगे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या दक्षिण भागातील आहे. तेथील जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी आदी राज्यांतून रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला उन्हाळ्यात एक चमत्कारिक दृश्य दिसते. झाडे, विजेचे खांब, ओसाड घरे, गंजलेल्या मोटारी यांवर एकच हिरवी चादर पसरलेली असते आणि तिच्याखालच्या वस्तूंचे केवळ आकार तेवढे ओळखता येतात. ही चादर म्हणजे 'कुडझू' नावाची वेल होय. जवळजवळ शंभर वर्षांच्या अवधीत या वेलीने शोभेची वेल, जनावरांचा चारा, सरकारमान्य भूमिरक्षक आणि अखेरीस अधिकृत तण अशी चार पदे भूषविली. वेल मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच होती.

माहेरची वेल

कुडझू ही मूळची पूर्व आशियातील. जपान, चीन आणि कोरिया या देशांत ती रानात आपोआप वाढते. तिचे जपानी नाव 'कुझू'. त्याचाच उच्चार इंग्रजीत बदलून 'कुडझू' झाला. ती आपल्या तुरी-वालांच्या कुळातील आहे. त्यामुळे तिच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र धरून ठेवला जातो आणि निकृष्ट जमिनीतही ती तग धरते. तिचे पान पळसाप्रमाणे तीन दलांचे असते. 'पळसाला पाने तीनच' ही आपली म्हण या दूरच्या नातेवाइकालाही लागू पडावी! तिची जांभळी, द्राक्षांसारख्या वासाची फुले जपानी परंपरेत शरद ऋतूच्या सात फुलांमध्ये गणली जातात. आपल्याकडील आयुर्वेदात प्रसिद्ध असलेला विदारीकंद हा तिच्याच प्रजातीतला.

स्वदेशी ही वेल कोणाला फारशी जाचक वाटली नाही, याचे कारण समजून घेतले पाहिजे. जपानी माणसाने तिला शेकडो वर्षे कामाला जुंपले होते. तिची जाड मुळे खणून, कुटून, पाण्यात वारंवार धुऊन त्यांतून पांढरे शुभ्र सत्त्व काढीत आणि त्याच्या मिठाया करीत. नारा प्रांतातील योशिनो हे गाव या सत्त्वासाठी आजही नावाजलेले आहे. वेलीच्या सालीतील धाग्यापासून काकेगावा येथे कापड विणले जाई. चिनी वैद्यकात तिचे मूळ औषध म्हणून वापरात होते. पाला जनावरांच्या दावणीत पडे. शिवाय तिच्यावर जगणारे किडे आणि रोग तेथे पिढ्यान्‌पिढ्या तिच्या सोबतीला होतेच. थोडक्यात, तिला आवर घालणारे अनेक हात होते, आणि त्यांत माणसाचा हात मोठा होता. ही वेल पुढे परदेशी गेली तेव्हा ती एकटीच गेली. हे हात मागेच राहिले.

फिलाडेल्फियाचे प्रदर्शन

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने १८७६ साली फिलाडेल्फिया येथे एक भव्य जागतिक प्रदर्शन भरले. जवळजवळ एक कोटी लोकांनी ते पाहिले असे म्हणतात. नुकतेच जगाला दार उघडलेल्या जपाननेही त्यात भाग घेतला होता. तेथील जपानी विभागातल्या वनस्पतींमध्ये ही वेल होती. दक्षिणेतील लोकांना ती आवडली, आणि त्याचे कारणही सरळ होते. तेथील उन्हाळा कडक असतो आणि प्रत्येक घराला पुढे लाकडी पडवी असते. एकाच मोसमात पडवीवर दाट सावली धरणारी आणि वर सुवासिक फुले देणारी वेल कोणाला नकोशी होईल? पुढील काही दशके कुडझू ही अशी पडवीची वेल म्हणूनच नांदली.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लोरिडातील चिपली या गावच्या चार्ल्स आणि लिली प्लीज या दांपत्याला असे आढळून आले की, शोभेसाठी लावलेला हा वेल जनावरे आवडीने खातात. त्यांनी आपल्या रोपवाटिकेतून टपालाने रोपे पाठविण्याचा व्यवसाय सुरू केला आणि कुडझूला वैरणीचे पीक म्हणून पुढे आणले. तिचा विकास येथे झाला असे अभिमानाने सांगणारा एक फलक पुढे त्या गावी उभारण्यात आला. तरीही या काळापर्यंत वेलीचा एकंदर पसारा मर्यादितच होता. तिला खरे राजपद मिळायचे होते ते एका मोठ्या संकटामुळे.

वाहून चाललेली माती

ते संकट मातीचे होते. दक्षिणेतील जमिनीवर शंभराहून अधिक वर्षे कापूस आणि तंबाखू यांखेरीज फारसे काही घेतले गेले नव्हते. उताराच्या जमिनी आडव्या न नांगरता उभ्या नांगरल्या गेल्या, झाडोरा तोडला गेला, आणि प्रत्येक पावसाळी सरीबरोबर वरचा कसदार थर नद्यांना मिळत राहिला. जॉर्जियातील स्टुअर्ट परगण्यात याची साक्ष आजही पाहावयास मिळते. 'प्रॉव्हिडन्स कॅन्यन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील घळी निसर्गाने युगानुयुगे कोरलेल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकातील चुकीच्या नांगरटीने त्या काही दशकांत पाडल्या, आणि त्यांतल्या काही सुमारे दीडशे फूट खोल आहेत. ज्या मेथडिस्ट चर्चवरून त्या जागेला हे नाव पडले, त्या चर्चलाही आपली मूळ जागा सोडून रस्त्यापलीकडे जावे लागले. भाविकांच्या पायांखालची जमीनच सरकत होती, हे येथे अक्षरशः खरे आहे.

त्यात मेक्सिकोकडून आलेल्या सोंडकिड्याने कापसाची बोंडे पोखरली, आणि १९२९ नंतर जागतिक मंदी आली. पश्चिमेकडील सपाट प्रदेशात तर धुळीची वादळे उठू लागली. १९३५ च्या वसंतात ती धूळ राजधानी वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. ह्यू हॅमंड बेनेट हे भूमिशास्त्रज्ञ मातीच्या धुपेविषयी कित्येक वर्षे कंठरवाने सांगत होते. आता संसदेला ते ऐकणे भाग पडले. २७ एप्रिल १९३५ रोजी कायदा झाला आणि मृदासंधारणाचे स्वतंत्र खाते अस्तित्वात आले.

या नव्या खात्याला तातडीने एखादी वनस्पती हवी होती. ती निकृष्ट मातीत रुजावी, झपाट्याने पसरावी, मुळांनी माती घट्ट धरावी, नत्राने तिचा कस वाढवावा आणि जनावरांच्याही उपयोगी पडावी, अशी अपेक्षा होती. या साऱ्या अटी कुडझूने पुऱ्या केल्या. खात्याच्या रोपवाटिकांतून सात कोटींहून अधिक रोपे तयार झाली. शेतकरी प्रथम साशंक होते, म्हणून लावलेल्या जमिनीला एकरी आठ डॉलरपर्यंत अनुदान देण्यात आले. मंदीच्या दिवसांत गरीब शेतकऱ्याला ही रक्कम लहान नव्हती. रेल्वे आणि महामार्ग बांधणाऱ्यांनी डोंगर फोडून केलेले उघडे उतार झाकण्यासाठी हीच वेल मैलोगणती लावली. बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी तुकड्यांनीही ती लावली.

या मोहिमेला चॅनिंग कोप नावाचा एक उत्साही प्रचारक लाभला. अटलांटा येथील वृत्तपत्रात तो लिहीत असे आणि आकाशवाणीवरून बोलत असे. त्याने 'कुडझू क्लब ऑफ अमेरिका' स्थापन केला. वीस हजार सभासद आणि दक्षिणेत ऐंशी लाख एकरांवर लागवड, असा त्या संस्थेचा पसारा आणि संकल्प होता. १९४९ साली त्याने 'फ्रंट पोर्च फार्मर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. शेतकऱ्याने पडवीत निवांत बसावे आणि वेलीने व जनावरांनी शेत सावरावे, असे स्वप्न त्यात होते. दोन-तीन पिढ्या कापसाच्या ओळींत वाकून पाठ मोडलेल्या लोकांना हे स्वप्न गोड वाटले असल्यास नवल नाही. तथापि, वेलीच्या पुढील इतिहासातील सारा घोटाळा या एका कल्पनेत साठलेला आहे. एकदा लावले की पाहावे लागणार नाही, अशी ती कल्पना होती.

हात निघून गेले तेव्हा

प्रत्यक्षात काय घडले? १९४५ पर्यंत दहा लाख एकरांहून थोड्याच अधिक जमिनीवर ही वेल लागली होती. अनुदान थांबताच त्यांपैकी बऱ्याच शेतकऱ्यांनी ती नांगरून टाकली किंवा जनावरांना चारून संपविली. ज्या शेतात गुरे होती, नांगर होता, माणूस होता, तेथे कुडझू सहसा डोईजड झाली नाही. कोवळे अंकुर वारंवार चरले अथवा तुडविले गेले की तिची मुळे हळूहळू क्षीण होतात. ज्या शेतकऱ्याने तिला चारा मानले, त्याच्याकडे ती चाराच राहिली.

पण तो काळ दक्षिणेतील खेडी रिकामी होण्याचा होता. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिण सोडून उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांत गेले. गोरे शेतकरीही गिरण्यांकडे आणि शहरांकडे वळले. गावची घरे बंद झाली, कुंपणे पडली, गुरे विकली गेली. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या कडेला तर गुरे कधी नव्हतीच. अशा जागी वेल राहिली आणि हात गेले. दिवसाला एक फुटापर्यंत आणि एका मोसमात साठ फुटांपर्यंत वाढणारी ही वेल जवळच्या झाडांवर चढली. वेल काही झाडाचा रस शोषत नाही. पण झाडाच्या माथ्यावर आपली पाने पसरून ती त्याचा सूर्यप्रकाश अडविते. उजेडावाचून झाड वाळते आणि वेलीच्या भाराने कधी मोडूनही पडते.

१९५३ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने अनुदानपात्र वनस्पतींच्या यादीतून कुडझूचे नाव काढून टाकले. १९७० साली त्याच खात्याने तिला तण म्हणून जाहीर केले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिचे नाव देशाच्या उपद्रवी तणांच्या यादीतही आले. ज्या सरकारने रोपामागे रोप वाटले होते, त्यालाच ती उपटण्यासाठी आता सल्ला आणि पैसा द्यावा लागला. येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वेल लावणाऱ्या पिढीला एकरी आठ डॉलर आणि शाबासकी मिळाली. ती काढणाऱ्या पिढीच्या वाट्याला हाताचे फोड तेवढे आले.

इतिहासाला धरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुडझूने दक्षिणेतील सत्तर-नव्वद लाख एकर जमीन गिळली, असे कित्येक वर्षे छापले गेले. अजूनही छापले जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विवेचनात या आकड्यांचा छडा लावला असता, त्यांपैकी नव्वद लाखांचा आकडा उद्यानप्रेमींच्या एका छोट्या मंडळाच्या प्रकाशनातून उचललेला दिसला. अमेरिकी वनखात्याच्या पाहणीत वनजमिनीवरील कुडझूचे क्षेत्र सुमारे दोन लाख सत्तावीस हजार एकर भरले. उलट कुंपणासाठी आणलेल्या प्रिव्हेट नावाच्या आशियाई झुडपाने सुमारे बत्तीस लाख एकरांवर मुक्काम ठोकला होता आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नव्हते. याचे कारण असे की, कुडझू रस्त्याच्या कडेला असते आणि मोटारीतून जाणाऱ्याला दिसते. झुडूप मात्र रानाच्या आत गुपचूप वाढते. बागेच्या मालकालाही हा धडा आहे. दर्शनी कुंपणावरच्या वेलीकडे आपले लक्ष चटकन जाते. मागील बाजूस विहिरीपाशी काय वाढते आहे, ते आपण पाहत नाही.

गड्डा आणि बोकड

आता ही वेल काढण्याचा इतिहास. प्रथम लोकांनी स्वाभाविकपणे वरची वेल कापली, जाळली, ओढून काढली. ती परत आली. थंडीत हिमाने वरचा सारा भाग करपून जातो, पण वसंतात ती जमिनीतून पुन्हा उठते. याचे रहस्य तिच्या मुळांत आहे. जुने मूळ सहा फुटांहून लांब आणि दीडशे किलोहून अधिक वजनाचे असू शकते. त्यात साठविलेल्या सत्त्वाच्या बळावर वेल वर्षानुवर्षे नवे धुमारे फोडीत राहते. ज्या सत्त्वाची जपानी माणूस मिठाई करीत होता, तेच येथे वेलीची शिदोरी ठरले.

अनुभवाने असे कळून आले की, इतके मोठे मूळ संपूर्ण खणून काढण्याचे कारण नाही. मूळ आणि वेल जेथे एकत्र येतात, त्या जमिनीलगतच्या गाठीला आपण गड्डा म्हणू. नवे धुमारे फुटतात ते या गड्ड्यातून. गड्ड्याच्या किंचित खाली करवतीने किंवा कुऱ्हाडीने मूळ तोडले आणि गड्डा उचलून नष्ट केला, तर खाली राहिलेले मूळ पुन्हा उगवत नाही. ते मातीत कुजून जाते. मात्र काढलेला गड्डा तेथेच मातीआड टाकल्यास तो पुन्हा रुजतो. भरावासाठी एका जागची माती उचलून दुसरीकडे नेताना असे गड्डे तिच्याबरोबर गेले आणि वेल नव्या गावी पोहोचली, असेही पुष्कळदा झाले. शिवाय जमिनीवरून सरपटणारी वेल पेऱ्या-पेऱ्याला मुळे सोडते आणि तेथे नवा गड्डा तयार होतो. म्हणून एक गड्डा सापडला की काम संपले, असे मानून चालत नाही.

दुसरा मार्ग उपाशी ठेवण्याचा. प्रत्येक वेळी वेल कापली की पुन्हा पाने फोडण्यासाठी तिला मुळातील साठा खर्चावा लागतो. ही कापणी वाढीच्या मोसमात महिन्या-दोन महिन्यांनी सातत्याने, निदान दोन-तीन वर्षे चालू ठेवली तर साठा संपतो. वर्षातून एकदाच कापणी केल्यास मात्र उलट घडते. उरलेल्या अकरा महिन्यांत ती झालेली झीज भरून काढते. तणनाशकांचा अनुभवही असाच आहे. एका फवाऱ्याने जुनी वेल मरत नाही. काही ठिकाणी चार ते दहा वर्षे पुनःपुन्हा उपचार करावे लागले.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत नवा. टेनेसी राज्यातील चॅटानूगा शहराने २००६ साली मिशनरी रिज या टेकडीच्या कुडझूने भरलेल्या उतारावर शेळ्या-बोकडांचा कळप सोडला. जेथे यंत्र पोहोचत नाही आणि माणसाचा पाय ठरत नाही, तेथे शेळी सहज चढते. लोकांना प्रथम हसू आले. पण शेळ्या पाला खात राहिल्या. शेतकऱ्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी जे जनावर विकून टाकले होते, तेच महानगरपालिकेला भाड्याने परत आणावे लागले! एवढेच की शेळीलाही एका मोसमात हे काम उरकता येत नाही. तिला वर्षानुवर्षे परत आणावे लागते.

आपल्याकडील धृतराष्ट्र

ही कथा परदेशाची म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. भारतातही एका परदेशी वेलीने असाच इतिहास घडविला आहे. तिचे शास्त्रीय नाव मिकानिया मायक्रान्था. मूळ देश मध्य आणि दक्षिण अमेरिका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ईशान्य भारतातील विमानतळ शत्रूच्या नजरेआड झाकण्यासाठी ती लावली गेली, असे सांगितले जाते. चहाच्या मळ्यांत उघडी जमीन झाकण्यासाठीही तिचा उपयोग झाल्याचे सांगतात. आज ती आसामच्या चहामळ्यांत आणि केरळच्या बागा-वनांत मोठा उपद्रव आहे. शेजारच्या नेपाळात चितवनच्या अभयारण्यात गेंड्यांच्या चराऊ जमिनीवरही ती पसरली आहे. इंग्रजीत तिला 'मिनिटाला मैल' जाणारी वेल म्हणतात. केरळमधील लोकांनी तिला जे नाव दिले ते मात्र अधिक अर्थपूर्ण आहे. ते तिला 'धृतराष्ट्र पच्चा' म्हणतात. पच्चा म्हणजे हिरवी वनस्पती. महाभारतातील आंधळ्या राजाने भीमाच्या लोखंडी पुतळ्याला प्रेमाने कवटाळून त्याचा चुरा केला. आपल्या मराठीतही 'धृतराष्ट्राची मिठी' हा शब्दप्रयोग त्याच कथेवरून आला आहे. एका वेलीचे वर्णन करण्यासाठी याहून चपखल शब्द सापडणे कठीण.

या वेलीवर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी तिच्या मायदेशातील एक तांबेरा शोधून काढला. ही बुरशी केवळ तिच्यावरच जगते याची दीर्घ खात्री करून घेतल्यावर ती त्रिनिदादहून मागविण्यात आली, आणि २००५ साली आसामात व २००६ साली केरळात सोडण्यात आली. आपल्याकडे ती फार काळ टिकली नाही. पॅसिफिक महासागरातील फिजी आणि पापुआ न्यू गिनी येथे मात्र हीच बुरशी रुजली आणि तिने वेलीला बऱ्यापैकी आवर घातला. वेलीबरोबर तिचा वैरीही आणावा, या विचारामागे मोठी समज आहे. पण वैऱ्यालाही नवे हवामान मानवावे लागते, आणि ते न मानवल्यास काम पुन्हा माणसाच्या हातांवरच येते.

कुदळ कोठे मारावी

या दोन वेलींच्या इतिहासातून आपल्या परसबागेसाठी काही व्यावहारिक नियम निघतात. वेल काढण्यापूर्वी ती कोणत्या जातीची आहे ते प्रथम ओळखावे, कारण सर्व वेलींचे मर्म एका ठिकाणी नसते.

ज्या वेलीला जमिनीत कंद अथवा गड्डा असतो, तिचे मर्म तेथे आहे. आपल्या कोकणपट्टीत कुंपणांवर गुलाबी फुलांचे तुरे मिरविणारी मूळची मेक्सिकोची अँटिगोनॉन ही या प्रकारची. ती वरून कितीही छाटली तरी कंदातून परत येते. अशा वेलीचा माग काढीत बुंध्यापर्यंत जावे, पावसाने जमीन मऊ असताना पहारीने कंद सैल करून काढावा आणि उन्हात पूर्ण वाळवावा.

ज्या वेलीचे प्रत्येक पेर रुजते, तिचे मर्म एका जागी नसते. मिकानिया ही अशी आहे. तिला उपटताना तुकडे जमिनीवर पडू देऊ नयेत. ओल्या मातीवर पडलेला वीतभर तुकडाही नवी वेल होतो. तिचे बी बारीक असून वाऱ्यावर उडून जाते, म्हणून ती फुलण्यापूर्वीच काढणे आवश्यक असते. फुले आल्यावर केलेले श्रम निम्मे वाया जातात, कारण तोवर पुढच्या वर्षाची पेरणी होऊन गेलेली असते.

तिसरी अमरवेल. तिला ना पान ना जमिनीतले मूळ; ती यजमान झाडाच्याच फांदीत तोंड खुपसून जगते. तेथे कुदळीचा काही उपयोग नाही. तिने वेढलेली फांदीच तोडावी लागते, आणि मालकाचा हात नेमका तेथे अडखळतो. फांदी वाचविण्याच्या मोहाने तो वरवरचे पिवळे धागे ओढीत बसतो. मागे राहिलेल्या बोटभर धाग्यातून अमरवेल पुन्हा सारे झाड व्यापते.

झाडावर उंच चढलेली कोणतीही वेल वरून ओढू नये. तिच्याबरोबर झाडाच्या फांद्या मोडतात. ती कमरेच्या उंचीवर आणि जमिनीलगत अशी दोन ठिकाणी कापावी. वरचा भाग झाडावरच वाळू द्यावा. खालच्या भागाचा पाठपुरावा करावा. मोकळी झालेली जमीन तशीच उघडी ठेवू नये. तेथे आपल्या उपयोगाचे काही लावावे, नाहीतर ती जागा पहिल्या येणाऱ्या तणाची होते.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र हत्यारांच्या पेटीत सापडत नाही. तो म्हणजे परत जाऊन पाहण्याचा. जेथे रोज कोणाचे तरी पाऊल पडते, तेथे वेल तण होण्यापूर्वीच दिसते. बोटभर असताना ती दोन बोटांनी उपटता येते. जी वाडी वर्षातून एकदा, सुट्टीपुरती उघडली जाते, तेथे तीच वेल मांडव घालून बसते. दक्षिण अमेरिकेतील नव्हे, तर अमेरिकेच्या दक्षिणेतील त्या ओसाड घरांवर चढलेल्या कुडझूने हेच दाखवून दिले. तिने वस्ती असलेले घर क्वचितच घेतले. माणसे निघून गेली, मग ती पायऱ्या चढून आत आली.

आपल्या किनारपट्टीवरील कितीतरी वाड्यांची मुले आज शहरांत आणि परदेशांत आहेत. बागायत आता सर्वांच्या पोटापाण्याचे साधन उरलेली नाही, हे वास्तव आहे आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु ज्यांना आजोबांची विहीर, आजीने लावलेली अबोली आणि दारचा फणस राखावेसे वाटतात, त्यांनी नवी शोभेची वेल विकत घेण्यापूर्वी स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा: पाच वर्षांनी हिला कापायला येथे कोण असेल? १८७६ साली फिलाडेल्फियात कोणी तो विचारला नाही. १९३५ सालीही नाही. माती वाचविण्याच्या घाईत चांगल्या हेतूच्या माणसांनी सात कोटी रोपे वाढविली. ती राखण्याचे काम मात्र कोणाच्याच नावे लिहून ठेवले नव्हते.